निवडीचा हक्क

आमच्या बाग सेवनियातील मराठी घरांत नवा अँड्रॉइड मोबाइल येतो, तो गूगलचे शोधयंत्र सोबत घेऊनच. प्ले स्टोअर हवे तर आमची इतर साधनेही घ्या, अशी गूगलची निर्मात्यांना अट होती. ग्राहकांच्याच तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने हा प्रभुत्वाचा गैरवापर ठरवून २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम राखला. नव्या मोबाइलवर शोधयंत्र निवडण्याची मुभाही ग्राहकास मिळाली. परंतु ती न वापरल्यास मक्तेदारी पूर्ववतच राहणार. तेव्हा वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांनाही ही निवड समजावून द्यावी, एवढीच आमची विनंती.