चाक घुमू लागले तर

सुगी आटोपून लग्नसराई लागली की घरची जुनी गाडी खरी कामाला लागते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, तरी आपल्याकडे ती अजून अनेक वाड्यांसमोर उभी दिसते. या गाडीच्या पुढच्या चाकांविषयी आज लिहितो, कारण त्यात मी स्वतः एकदा फसलो आहे.

ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरत होते. चकतीला हात लावून पाहिला तर काठाला उंच कंगोरा आणि मध्ये खोल चरे. चकत्या बदलायच्या ठरल्या. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, बेअरिंग अजून चांगले आहे. उगाच खर्चात कशाला पडता?" मलाही ते पटले. खर्च वाचला तर कोणाला नको असते!

पण या गाडीत चकती हबच्या आतल्या अंगाला बोल्टांनी आवळलेली असते. ती काढायची तर आधी हबच बेअरिंगमधून ओढून काढावा लागतो. तो तिथे घट्ट बसलेला असल्याने ओढताना सगळा ताण बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो आणि ज्या कड्यांत त्या फिरतात त्यांना बारीक खड्डे पडतात. वरून पाहता काही कळत नाही. आमच्या गाडीचे तेच झाले. पंधरा दिवसांत घूं-घूं सुरू झाली. एका लग्नाहून येताना घाटात ती इतकी वाढली की गाडी बाजूला घेतली. उजव्या चाकाच्या हबजवळ हात धरवत होता, डाव्याच्या जवळ धरवेना. मुलांना व घरच्या मंडळींना एस.टी.ने पुढे पाठवले. नवे बेअरिंग तर घ्यावे लागलेच, वर मजुरीही दुसऱ्यांदा द्यावी लागली. म्हणून चकतीसाठी हब निघाला की बेअरिंग व सील त्याच वेळी नवे घालावे.

घुमणारे चाक कोणते, हे ओळखता येते. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी किंचित डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग गेलेले असते. उजवीकडे वळताना वाढला तर डावे. मग ते चाक जॅकवर उचलून, आधाराला भक्कम लाकडी ठोकळे देऊन, वर-खाली धरून हलवावे. (विटांवर गाडी कधीही ठेवू नये, वीट एकाएकी फुटते.) चाक खडखडले तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, तरीही हलत राहिले तर बॉल जॉइंट पाहावा.

काम मिस्त्रींकडूनच करून घ्यावे, पण शेजारी उभे राहावे. बेअरिंग घणाने ठोकून बसवू देऊ नये, तालुक्याला प्रेस असलेल्या ठिकाणी न्यावे. बेअरिंग खाचेत बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर दाबले तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते. बैलगाडीच्या तुंब्यात वंगण कमी पडले तर चाक कुरकुरून सांगते तरी. हे बिचारे आतल्या आत झिजते.

चकत्या व पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. हबच्या ज्या तोंडावर चकती बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी नवी चकतीसुद्धा डगमगते आणि पेडल पुन्हा थरथरते. नव्या चकतीवर तेलाचा हात असतो, तोही पुसून काढायला लावावा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत सोडलेला दिसला तर लगेच तारेने बांधायला सांगावे. आसाचा मोठा नट अंदाजाने न आवळता पुस्तिकेतल्या मापाने आवळावा व कॉटर पिन नवीच घालावी. ही पिन किरकोळ किमतीची, पण तो नट तिच्या भरवशावर असतो.

आणि एक गोष्ट मिस्त्रीही कधीकधी विसरतात. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे ब्रेकचा पहिला दाब थेट तळाला जातो. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत आठ-दहा वेळा दाबावे. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा, तोवर घाटही नको.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या चकतीवर तांबूस गंज दिसतो. त्याने घाबरू नये, दोन-चार ब्रेकांत तो निघून जातो.

पुढील अंकी ब्रेक ऑइल कधी बदलावे, ते पाहू.