पडदा कोणाचा?

घराला रंग कोणता द्यावा, आकाशकंदील कुठल्या खांबाला टांगावा, रांगोळीत मोर काढावा की कमळ, हे प्रश्न दिवाळीत ज्या त्या घरातच सुटतात. त्यासाठी घर बांधणाऱ्या गवंड्याची परवानगी मागायला कोणी जात नाही. पण ज्या संगणकासमोर आपण हल्ली दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास बसतो, त्याचा पडदा कसा दिसावा हे मात्र गवंडी ठरवणार आणि आपण मान डोलवायची, अशी एक नवीच रीत पडत चालली आहे. ह्या रीतीशी मला भांडायचे आहे.

धनाढ्य कंपन्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा होती कोणाची? मायक्रोसॉफ्टने २०२१ साली विंडोज ११ आणले, तेव्हा पडद्याच्या तळाची पट्टी उचलून डाव्या-उजव्या कडेला नेण्याची जुनी सोय सरळ काढून टाकली. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायला मालकाला विचारावे लागते, तशातलाच तो प्रकार. माझे भांडण आहे ते स्वातंत्र्याचा झेंडा खांद्यावर घेऊन निघालेल्या लिनक्सवाल्यांशी, म्हणजे आपल्याच माणसांशी.

ज्यांचा ह्या प्रकरणाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन गृहस्थाने ज्याला त्याला वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल अशी संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा पुरवला. हे झाले इंजिन. त्यावरचा टप, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, चित्रे, निराळे लोक बांधतात. केडीई आणि एक्सएफसीई १९९६ चे, नोम १९९७ चे. इंजिन तेच ठेवून टप बदलता येतो, आणि त्याच टपावर मनासारखी नक्षीही काढता येते. निदान येत असे.

२०११ च्या एप्रिलमध्ये नोमची तिसरी आवृत्ती आली आणि लोकांनी कपाळाला हात लावला. खिडकी खाली दडपण्याचे आणि मोठी करण्याचे बटण गुप्त! पडद्यावर ठेवलेल्या फायलींची चित्रे गुप्त! म्हणे, त्यांची तुम्हाला गरजच नाही. खुद्द टॉरवाल्ड्स इतके वैतागले की बिऱ्हाड उचलून एक्सएफसीईत राहायला गेले. पुढे ते परतले हे खरे, पण बाहेरून जोडण्या लावून नोमला आपल्या वळणावर आणल्यावरच. इतरांनी जुना वाडा 'माटे' ह्या नावाने जतन केला. मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' हा नवा बांधला. इथवर तक्रार नाही. आवडले नाही तर वेगळी चूल मांडता येते, हीच ह्या जगाची थोरवी.

२०१९ मध्ये मात्र नोमसाठी लिहिणाऱ्या काही मंडळींनी एक अनावृत पत्र काढले: कृपा करून आमच्या उपयोजनांना तुमचे रंग चढवू नका. त्यांची बाजू पोकळ नव्हती. रंगसंगती बदलली की कधी पांढऱ्यावर पांढरी अक्षरे उमटतात, कधी बटणेच दिसेनाशी होतात, आणि शिव्या खाव्या लागतात मूळ लेखकाला. आपण शिवलेल्या सदऱ्याला दुसऱ्याने ठिगळ लावावे आणि गिऱ्हाइकाने आपल्या दारात येऊन कज्जा करावा, असे ते दुःख. शिवाय त्यांचा रोख सर्वांच्या माथी परस्पर सजावट मारणाऱ्या वितरकांवर होता. स्वतःच्या यंत्रात खुडबूड करणाऱ्याला त्यांनी मोकळीक दिली होती. हे कबूल न करणे अन्यायाचे होईल.

पण पुढे झाले काय? २०२१ च्या अखेरच्या दिवशी लिबअद्वैता नावाचे नवे साहित्य आले. ते वापरून बांधलेली उपयोजने तुमच्या सजावटीकडे ढुंकून पाहत नाहीत. एका दडलेल्या फाइलीत रंगांची सूत्रे हाताने लिहिलीत तर अजून थोडे जमते, पण बिघडले तर जबाबदारी तुमची. नोम ४७ ने २०२४ साली उदार होऊन ठळक खुणांसाठी रंग निवडू दिले. किती? नऊ! नवरात्रातल्या साड्यांइतके. आणि बाहेरच्या जोडण्यांचे म्हणाल, तर २०२३ मध्ये नोम ४५ आले आणि त्यांतल्या एकूण एक जोडणीत बदल करावे लागले.

"अहो, पण कामधाम सोडून पडदा रंगवत बसायचे हा रिकामटेकड्यांचा उद्योग!" असे म्हणणारे भेटतात. तसा उद्योग करणारे आहेत, आणि त्यांची मला मुळीच कीव येत नाही. आरपार दिसणाऱ्या खिडक्या, मागे जपानी चित्र, त्यावर तीळभर अक्षरे. त्या पडद्यावर एक ओळ वाचायची तर दुर्बीण हवी! पण त्यांच्यावरून सगळ्यांना झोडपू नका. कळफलकावरची कॅप्स लॉक ही कळ घ्या. रोमन लिपीत थोरली आणि धाकटी अक्षरे आहेत, तिला तिचा उपयोग. देवनागरीत हा भेदच नाही. मराठी लिहिणाऱ्याच्या बोटाखालची इतकी मोक्याची जागा ती फुकट अडवून बसलेली असते. एक्सएफसीईच्या किंवा केडीईच्या सेटिंग्जमध्ये एक खूण केली की तीच कळ मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत नेणारी होते. देवनागरीला कोणता फाँट वापरावा, हेही एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येते. ही चैन आहे? आणि १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा जुना पडदा ज्याच्या नशिबी आहे, त्याने नोमची ती जाडजूड शीर्षपट्टी बारीक करून कामाला दोन ओळी जास्त मिळवल्या, तर कोणाचे काय गेले?

मोकळीक दिली की धोका येतो हेही मी जाणतो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या भांडारातून उतरवलेल्या एका सजावटीने एका माणसाच्या फायली धुऊन नेल्या. भयंकरच गोष्ट. तिच्यावर उतारा म्हणजे भांडारातला माल तपासणे आणि घेणाऱ्याला आधी बजावणे. भेसळीचे तेल सापडले म्हणून गावात फोडणी बंद करत नाहीत! केडीईनेही दुकान बंद केले नाही, आणि आजही तिथे पट्टी, बटणे, रंग हवे तसे हलवता येतात.

गणवेश शाळेत शोभतो. मी स्वतः मुलांच्या सदऱ्याच्या गुंड्या तपासतो. घरीही तोच घाला असे सांगायला मात्र कोणाच्या ओट्यावर जात नाही. नोमच्या मंडळींना एवढेच विचारायचे आहे: खिडकी खाली दडपण्याचे ते साधे बटण परत आणायला आजही ट्वीक्स नावाचे वेगळे उपयोजन शोधून बसवावे लागते, ते का? ती एक खूण मूळ सेटिंग्जमध्ये आणून ठेवा. रंगांचे मग बोलू.