फीत बैलाला, हार मंत्र्याला



इंग्लंडात यॉर्कशायर परगण्याची शेतीजत्रा आम्ही पाहून आलो. दर जुलैत ती हॅरोगेटला भरते. पांढरे डगले घातलेले शेतकरी आपापली जनावरे रिंगणात फिरवतात. परीक्षक मेंढीची पाठ हाताने दाबून अंगचे मांस जोखतो. पहिल्या नंबराला लाल फीत.

ही जत्रा सरकारची नव्हे. १८३७ साली स्थापन झालेल्या यॉर्कशायर कृषी संस्थेची. संस्था काढली बड्या जमीनदारांनी, हे खरे. पण मैदान संस्थेचे, हिशेब संस्थेचा. आपल्याकडे? फीत मंत्री कापतो, हारही तोच घालून घेतो. कापूस-ज्वारी पिकवणारा बियाण्याच्या जाहिरातीची पिशवी घेऊन घरी परततो.

फितीने घर चालत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यालाही कळते. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी शेतजमिनीवरच्या वारसाकराविरुद्ध हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. जत्रेत कौतुक आणि अंदाजपत्रकात कात्री, ही सरकारची जात सगळीकडे एकच!

म्हणून फितीला भुलू नका. मैदान कुणाचे ते विचारा. तालुक्याचे पुढचे प्रदर्शन आपण भरवू. परीक्षक आपला, हिशेब आपला. मंत्री आलेच, तर तिकीट काढून येतील.