शंभर टक्के नॅचरल!

लग्नघरात सगळ्यात आधी चर्चा कशाची होते? जेवणाच्या यादीची नव्हे, मुलीच्या रंगाची. गेल्या मार्चात माझ्या भाचीच्या साखरपुड्याआधी हेच झालं आणि त्या पापात मीही वाटेकरी आहे. लिंबाच्या तेलाची 10 मिलीची बाटली मीच पणजीहून आणली. दुकानदार म्हणाला, "सायबा, शंबर टक्के नॅचरल!" सोबतच्या चिठ्ठीवर छापलं होतं, 'व्हिटॅमिन सीमुळे त्वचा उजळते.'

पोरीने चमचाभर खोबरेलात 10 थेंब घालून मानेला चोळलं आणि भर उन्हात स्कूटरने फोंड्याहून पणजीला आली. दुसऱ्या दिवशी मान लाल, तिसऱ्या दिवशी फोड, मग तपकिरी डाग. साखरपुड्याला बंद गळ्याचा ब्लाऊज घातला. डाग चतुर्थीपर्यंत पुसला गेला नव्हता.

आता मुद्द्याचं बोलतो. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, ते रसात असतं. सालीच्या तेलात ते नसतंच! तेलात मुख्यतः असतं लिमोनीन, आणि साल दाबून तेल काढलं असेल तर सोबत फ्युरानोकुमरिन जातीची द्रव्यं. त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की ती त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतात आणि कातडी भाजते. अंधारात बसलात तर काही होत नाही. पण गोव्यात मार्च महिन्यात अंधारात बसणार कोण?

हे ज्ञान काल-परवाचं नाही, मंडळी. तापात कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे ते आठवतं ना? त्या कोलनमध्ये बर्गमोट नावाच्या, इटलीतल्या कालाब्रियात पिकणाऱ्या लिंबूवर्गीय फळाचं तेल असे. कोलन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे डाग उठतात, हे फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरने 1916 मध्ये नोंदवलं. म्हणजे शंभर वर्षं उलटली, आणि आमच्या चिठ्ठीवर उन्हाचा 'उ' नाही!

सुगंधद्रव्य उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लावून ठेवायच्या वस्तूंसाठी मर्यादा सांगते: दाबून काढलेलं लेमनचं तेल 2 टक्के, लाइमचं 0.7, बर्गमोटचं 0.4. आपलं कागदी लिंबू म्हणजे लाइम, बरं का. बाटलीवर 'लेमन' लिहिलं म्हणून फळ बदलत नाही. भाचीचं मिश्रण नऊ टक्क्यांच्या आसपास भरतं. हिशेब मी कार्यालयीन टिपणीच्या पाठकोऱ्या कागदावर केला, दोनदा.

लगेच कोणी म्हणेल, "आमची आजी लिंबू चोळायची, तिला काय झालं?" आजी न्हाणीत कोपराला अर्धी साल घासायची आणि लगेच पाणी ओतायची. एका सालीत तेल निघतं मोजकंच. तिने अनेक फळांचं तेल एकदम मानेला चोळून उन्हात दळण आणायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आजीचं नाव पुढे करून बाटल्या विकणाऱ्यांनी निदान आजीसारखं धुवायला तरी सांगावं.

सगळंच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. गोड संत्र्याच्या तेलाला हा उन्हाचा दोष नाही. वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेल्या लाइमच्या तेलालाही नाही, कारण ती जड द्रव्यं वाफेबरोबर वर येत नाहीत. साबणासारख्या धुऊन टाकायच्या वस्तूची गोष्ट वेगळी. म्हणूनच मागणी साधी आहे: तेल दाबून काढलं की वाफेवर, हे बाटलीवर मराठीत, कोंकणीत लिहा आणि खाली 'लावून उन्हात जाऊ नये' एवढं जोडा. एका ओळीची शाई किती लागते?

दुकानदाराला मी हे सांगायला गेलो. तो म्हणाला, "त्यांची स्किन सेन्सिटिव्ह असेल." म्हणजे दोष पुन्हा पोरीच्याच कातडीचा!

बाटली अजून माझ्याकडे आहे. हवा लागून जुनं झालेलं लिमोनीन अ‍ॅलर्जीही आणतं, तेव्हा अंगाला लावायचा प्रश्नच नाही. कार्यालयातल्या कपाटांवर जुन्या लेबलांचा गोंद चिकटून बसला होता, तो मात्र या तेलाने सुरेख निघतो.