पंडित खरे, पण गवई?

श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचे नाव निघाले की, ‘विद्वान खरे, पण गवई कसले?’ हा शेरा आमच्या रसिकमंडळींत अजूनही ऐकू येतो. शेरा मारणारांना आमचा एकच सवाल आहे: आपण त्यांचे गाणे ऐकले आहे काय?

भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौस निघालेल्या मॅरिस कॉलेजचे ते सुमारे तीन दशके प्राचार्य होते. त्यातच आकाशवाणीच्या गायकवादकांची पारख करण्याचे अप्रिय काम त्यांनी शिरावर घेतले, वादळ उठले, आणि लोकांच्या लेखी उरला तो केवळ परीक्षक. फैयाझखाँची तालीम लाभलेला गायक मात्र विस्मृतीत गेला!

त्यांची ध्वनिमुद्रणे थोडी आहेत. आवाजाची मोहिनी त्यांत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु रागाचे अंग किती मोजक्या स्वरांत उभे राहते, हे तेथेच कळते. मार्गबिहाग, सालगवराळी हे त्यांनी प्रचारात आणलेले राग आणि ‘अभिनव गीतमंजरी’तील चिजा गिंडे, भट, कायकिणी या शिष्यांच्या मुखातून ऐकताना आम्ही माना डोलावतो, मूळ झऱ्याकडे मात्र पाठ फिरवतो. ही कसली रसिकता?

१४ फेब्रुवारीस, त्यांच्या पुण्यतिथीला, लखनौकर मराठी मंडळींनी तसबिरीला हार अवश्य घालावा. पण भाषणे आवरून तासभर ती मुद्रणे लावावीत. मग खुशाल नापसंती दर्शवावी. न ऐकता दिलेला निकाल हा निकाल नव्हे. ती निव्वळ ऐकीव निंदा होय.