डॉक्टर यूज्ड, सिंगल ओनर

महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध सेकंडहँड गाडी म्हणजे सचिन तेंडुलकरची लाल फेरारी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हस्ते त्याला ३६० मोडेना मिळाली. मग तिच्यावरची सुमारे १ कोटी १३ लाखांची कस्टम ड्युटी माफ करण्यावरून गदारोळ उठला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ड्युटी फियाट कंपनीनं भरली. २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मला त्या सुरतकराचा हेवा वाटला, आणि तोही गाडीसाठी नव्हे. जिची ड्युटी भरली की नाही याची खातरजमा अख्ख्या देशानं करून ठेवली आहे अशी परदेशी गाडी जुन्या बाजारात पुन्हा कुणाला मिळायची?

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाला कान लावतो. त्यात चूक काही नाही, पण इंजिनाचं दुखणं पैशानं बरं होतं. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, ३६० मध्ये सीटमागचं झाकण काढून काम होतं. दोन्ही खर्च मेकॅनिक आधी सांगू शकतो. त्या काळातल्या फेरारींची आतली बटणं दमट हवेत चिकट होतात, बोटाला काळं लागतं. तेही साफ करून मिळतं. कागदात खोट निघाली तर मात्र कोणत्याही गॅरेजमध्ये तिचा इलाज नाही. आपल्या देशात तरी ही खरेदी आधी कागदांची असते आणि मग गाडीची.

हे मला नीट उमगलं ते आमच्या एका स्नेह्यांमुळे. चाकणला त्यांचा छोटा कारखाना आहे, आणि कॉलेजपासून पोर्शा नाइन इलेव्हनचं वेड. नवी ऑन-रोड दोन कोटींच्या पुढे जाते म्हटल्यावर त्यांनी जुनी शोधायला घेतली आणि कागद वाचायला मला बरोबर नेलं. त्यांचा अभ्यास पक्का होता. २००८ पर्यंतच्या साध्या नाइन इलेव्हन कॅरेरांच्या इंजिनात आयएमएस बेअरिंगची व्याधी होती, २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि तो प्रश्न मिटला, म्हणून त्यांना घ्यायची होती ती त्यानंतरचीच.

पहिली गाडी मुंबईतल्या एका डीलरकडे. काचेची शोरूम, पांढऱ्या टाइल्स, आत शिरताच कॉफी. "साहेब, सिंगल ओनर. डॉक्टर यूज्ड. फक्त रविवारी काढायचे." या धंद्यात डॉक्टरांचं नाव इतक्या वेळा निघतं की आपल्याकडे डॉक्टरांना दवाखान्यात जायला वेळ कधी मिळतो, कुणास ठाऊक. स्नेह्यांनी मागच्या झाकणावर हात ठेवला. गरम होतं. आम्ही येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली होती. गार इंजिन चालू होताना जो धूर दिसतो, जी खडखड ऐकू येते, ती गरम इंजिन झाकून टाकतं. मी टायर बघितले. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचे दोन्ही नवे, पुढचा एक जुना आणि दुसरा वेगळ्याच कंपनीचा. रविवारी फिरणाऱ्या गाडीला अशी ठिगळं का लागतात, हे डीलरला सांगता येईना.

पुढचं तंत्र स्नेह्यांनीच शिकवलं. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, पण इंजिन किती तास चाललं याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरात वेगळी असते. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग मिळतो, आणि तो अगदीच कमी आला तर मीटरमध्ये कुणाची तरी बोटं गेली आहेत असं समजायचं. या गाडीचा वेग आला ताशी वीसच्या आसपास. हा हिशोब जर्मनीत लगेच पकडला गेला असता. मुंबईत मात्र ताशी वीस हा वेग खरा असू शकतो, हीच पंचाईत.

मी सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या तळाकडच्या गुंडाळीत मातीची रेघ राहते आणि सीटखालच्या पट्ट्या गंजतात. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्यानं हे बघितलं नाही तर त्याला मुंबईकर म्हणू नये. इथे बेल्ट स्वच्छ होता.

गाडीची नंबरप्लेट पुदुच्चेरीची. तिथे रोड टॅक्स फार कमी, म्हणून देशभरच्या महागड्या गाड्या कागदोपत्री तिथे 'राहायच्या'. केरळात २०१७ मध्ये अशी प्रकरणं गाजली, आणि त्यात नावाजलेले नटनट्याही सापडले. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी, इथला टॅक्स भरायचा, आणि तिथला उरलेला टॅक्स परत मागायचा असेल तर ती वारी वेगळी. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात त्याचंही कारण असंच. १५ वर्षांवरचं पेट्रोल आणि १० वर्षांवरचं डिझेल तिथे चालवायचं नाही असा सरसकट नियम होता, त्याच्या धाकानं त्या वय व्हायच्या आत बाहेर काढल्या जात आल्या. ती स्वस्ताई घ्यायला हरकत नाही, फक्त टॅक्स धरून बेरीज करावी.

त्याहून भीती परदेशातून आलेल्या गाडीची. शंभर टक्क्यांच्या वर शुल्क असलं की ते चुकवण्याच्या युक्त्या निघणारच. परदेशी वकिलातींतल्या अधिकाऱ्यांच्या नावानं करमाफीत आणलेल्या आलिशान गाड्यांचं रॅकेट महसूल गुप्तचर संचालनालयानं २०२१ मध्ये उघडकीला आणलं. २०२५ च्या सप्टेंबरात भूतानमार्गे आलेल्या जुन्या गाड्यांचा माग काढत कस्टम्सवाले केरळात नटांच्या घरांपर्यंत पोचले. गाडी आणणारा तोवर पैसे घेऊन नामानिराळा होतो आणि चौकशी येते ती आजच्या मालकाच्या दारात. म्हणून थेट आयात झालेल्या गाडीचं बिल ऑफ एन्ट्री मागायचं आणि त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघायचा. आरसी बुक खरं आहे एवढ्यानं भागत नाही, कारण खोट्या आयातीलाही खरं आरसी बुक मिळालेलं असतं.

मी डीलरला विचारलं, गाडी तुमच्या मालकीची आहे का? तर ती 'पार्क अँड सेल' निघाली, म्हणजे गाडी मालकाची, जागा डीलरची आणि विकली की कमिशन. डीलर की खासगी, हा वाद मला म्हणूनच थोडा पोकळ वाटतो. पुष्कळदा खरेदी खासगी माणसाकडूनच होते, फक्त तो माणूस आपल्याला दिसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आणि ताब्यात आलेल्या गाडीची ऑनलाइन नोंद करायची असा नियम आहे. तुमचं अधिकारपत्र बघू, म्हटल्यावर आम्हाला पुन्हा कॉफी विचारण्यात आली.

दुसरी गाडी कोल्हापुरात. आणि काय योगायोग, मालक खरोखरच डॉक्टर, हाडांचे. "बसा की, घाई काय आहे? इंजिन गार आहे तोवर चालू करून बघा." फाइलमध्ये पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिलं, बदललेल्या ब्रेकपॅडची पावती, एकदा बंपर घासला त्याचा इन्शुरन्स क्लेम. मागून उजवीकडून आवाज येतो हे त्यांनीच सांगितलं, वर खडबडीत रस्त्यावर नेऊन ऐकवलं. स्नेही तिथेच विरघळले. मी आरसी वाचत होतो. गाडी डॉक्टरांच्या नव्हे, त्यांच्या हॉस्पिटलच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर होती, आणि कर्जाचा बोजाही उतरलेला नव्हता.

डॉक्टरांची यात लबाडी काही नव्हती, पण कामं वाढली. विक्री कंपनी करणार म्हणजे संचालकांचा ठराव हवा, कंपनीचं बिल हवं. कंपनीनं घसारा लावला असेल तर विक्रीची किंमत घसाऱ्यानंतरच्या किमतीपेक्षा जितकी जास्त, तेवढ्या फरकावर १८ टक्के जीएसटी. दोन साध्या माणसांच्या व्यवहारात तो लागत नाही. त्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. "एवढं असतंय होय?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सीएला फोन लावला.

पैशाचं असं ठरलं. थोडा इसार, कर्जाची बाकी थेट बँकेत, आणि उरलेली रक्कम फॉर्म २९ आणि ३० दाखल होऊन स्नेह्यांचं नाव 'वाहन' पोर्टलवर दिसल्यावर. मुंबईच्या डीलरला हे सुचवलं असतं तर तो हसला असता. डॉक्टरांना पटलं, कारण धोका त्यांनाही तेवढाच होता. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडी विकून दोन वर्षं झाली आणि आरसीवर नाव मात्र अजून आपलंच, अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

डीलरशी माझं वाकडं नाही. गाडी स्वतःच्या पैशानं विकत घेऊन उभी केली असेल, इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी लेटरहेडवर देत असेल आणि तुमच्या पसंतीच्या मेकॅनिकला लिफ्टवर चढवून बघू देत असेल, तर त्याच्या नफ्यात मी काटछाट करणार नाही. ज्याच्याकडे वेळ नाही त्यानं तिथेच जावं. आमच्या स्नेह्यांकडे हौसेसाठी वेळच वेळ होता.

गाडी आता पुण्यात आहे. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून ती तिरकी काढावी लागते आणि त्यासाठी वॉचमनला समोरची वाहनं थांबवावी लागतात, म्हणून सेक्रेटरींनी एक पत्र दिलं आहे. स्नेह्यांनी ते डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावलं. पेट्रोलच्या पावत्याही तिथेच जातात. एवढं कशाला जपता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "विकताना दाखवता येईल. डॉक्टर यूज्ड होती, हे तर आता मलाही खरंच सांगता येईल."