उलटलेले पथ्य

घरातील वडीलधाऱ्यांची मूत्रपिंडे दुबळी झाल्याचे कळले की अवघे स्वयंपाकघर पथ्याला लागते. वरण पातळ होते, पनीर ताटातून नाहीसे होते, दुधाचा पेला अर्ध्यावर येतो. त्या टप्प्यावर हे योग्यच असते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मोजकी घेतली, तर उरलेल्या मूत्रपिंडांवरचा भार हलका राहतो. कुटुंब हे पथ्य वर्षानुवर्षे निष्ठेने पाळते. मग एके दिवशी डायलिसिस सुरू होते आणि तेच पथ्य उलटे होते. दुर्दैवाने ही वार्ता स्वयंपाकघरापर्यंत फार उशिरा पोहोचते.

डायलिसिसचे यंत्र रक्तातील यूरिया बाहेर काढते, पण टाकाऊ काय आणि मौल्यवान काय, हा विवेक त्याला नाही. चार तासांच्या एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, पाण्याबरोबर निघून जातात. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसमध्ये तर रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार डायलिसिसवरील व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा हवी. ५५ किलो वजनाच्या आजोबांसाठी हे ५५ ते ६६ ग्रॅम झाले; डायलिसिसपूर्वी त्यांना ३०-३३ ग्रॅमवर ठेवले गेले असेल. म्हणजे गरज जवळजवळ दुप्पट, आणि ताट मात्र जुनेच.

वृद्धापकाळात ही तूट अधिक बोचते. वय वाढले की खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायू बांधण्याची शरीराची क्षमता मंदावते. त्यात रक्तातील आम्लता आणि शरीरात धुमसणारा दाह स्नायूंची झीज वाढवतात. तोंडाची चव गेलेली असते, भूक मेलेली असते. कॅलरी अपुऱ्या पडल्या तर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. फसवणूक अशी की वजनकाटा हे लवकर सांगत नाही. आटलेल्या स्नायूंची जागा पाणी घेते आणि आकडा तोच राहतो. सदरा खांद्यावर सैल पडू लागला, पाटावरून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर काट्यापेक्षा या खुणांवर विश्वास ठेवावा आणि 'ड्राय वेट' पुन्हा ठरवून घ्यावे.

आता डब्याविषयी. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मिळणाऱ्या पूरक आहाराच्या भुकटीचे दोन प्रकार असतात: एक डायलिसिसपूर्वीच्या रुग्णांसाठी कमी प्रथिनांचा, दुसरा डायलिसिसवरील रुग्णांसाठी अधिक प्रथिनांचा. डबे दिसायला पुष्कळदा सारखेच. जुन्या सवयीने पहिलाच डबा येत राहिला, तर पैसेही जातात आणि आजोबाही वाळत जातात. व्यायामशाळेतील तरुणांची भुकटी हा काही पर्याय नव्हे. तिच्यातील पोटॅशियम व फॉस्फरस घातक ठरू शकते. जीवनसत्त्वांचेही तसेच आहे. 'ब' गटातील काही व 'क' ही पाण्यात विरघळणारी असल्याने डायलिसिसमध्ये निघून जातात. 'अ' मात्र शरीरात साठते, म्हणून साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालत नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते, हेही विकत घेताना विचारलेले बरे.

शाकाहारात हे प्रमाण गाठता येते. ५० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. डाळ भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. डाळींतील फॉस्फरस शरीरात पूर्ण शोषला जात नाही. पाकिटबंद पदार्थांत घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. वरणाला भिणाऱ्या घरात फरसाणाचे पाकीट बिनदिक्कत फुटते, हे नवलच! फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते. रिकाम्या पोटी तिचा उपयोग नाही.

चौविहाराचा प्रश्न नाजूक आहे. सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत बारा-चौदा तास अन्न नाही, आणि तेवढा वेळ शरीर स्वतःचे स्नायू मोडून गुजराण करते. नियम सोडावा असे नाही, पण दिवसाचा आहार नव्याने बांधावा लागतो: सूर्यास्तापूर्वीचे जेवण हलके न ठेवता भरघोस करावे, पूरक पेय त्याच्या आगेमागे द्यावे, आणि डायलिसिसच्या दिवशी केंद्रावरून परतल्यावर लगेच खायला मिळेल अशी सोय असावी. मधुमेही रुग्णाचे इन्सुलिन दुबळ्या मूत्रपिंडांमुळे शरीरात अधिक काळ टिकते. अशा व्यक्तीची साखर उपवासात रात्रीतून धोकादायकरीत्या उतरू शकते. एकासणा वा आयंबिलाचे पच्चक्खाण घेण्याआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

आणि पारण्याला प्रेमाने पुढे केलेला नारळपाण्याचा पेला. त्यात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि सोबत येते मोजून प्यायचे पाणी. पारणे मूगडाळीच्या घट्ट वरणाने केलेलेच उत्तम.